चंद्रलोकची सफर आणि कृष्णाकाठची छोटी मासिके

- खास प्रतिनिधी

टेंभू हे नाव सातारा आणि सांगली जिल्ह्यांत उच्चारले, की ऐकणाऱ्याला आधी पाणी आठवते. कऱ्हाडजवळ कृष्णेचे पाणी उचलून ते खानापूर, आटपाडी, सांगोल्याच्या दुष्काळी शिवारांपर्यंत नेणारी उपसा सिंचन योजना याच गावाच्या नावाने ओळखली जाते. थोडे वाचन असलेल्यांना टेंभू हे गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव म्हणूनही ठाऊक असते. याच गावाची तिसरी ओळख मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. मराठी वाचकाला चंद्रावर नेणाऱ्या पहिल्या मासिकाचा संपादक टेंभूचाच होता.

कृष्णाजी नारायण आठल्ये हे त्यांचे नाव. १८५३ साली टेंभूला जन्मलेल्या आठल्ये यांनी १८८६ मध्ये ‘केरळकोकीळ’ हे मासिक सुरू केले. ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा अनुवाद ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने १९०० च्या सुमारास या मासिकातून क्रमशः येऊ लागला. मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगताना अभ्यासक बहुधा येथूनच आरंभ करतात. या इतिहासाची पहिली पाऊलखूण एखाद्या मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या ग्रंथात सापडत नाही. ती सापडते एका माणसाच्या हिमतीवर चाललेल्या, वर्गणीदारांच्या भरवशावर तगलेल्या छोट्या मासिकात. पुढच्या शतकभरातही विज्ञानकथेला आसरा मिळाला तो बहुतांशी अशाच नियतकालिकांचा. असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी या मासिकांची धडपड पाहायला हवी.

कोचीनचा कोकीळ

आठल्ये मुळात शिक्षक. चित्रकलेतही त्यांनी नाव मिळविले होते. व्यवसायाच्या निमित्ताने ते कोचीनला गेले आणि मराठी मुलखापासून शेकडो मैल दूर बसून त्यांनी मराठी मासिक काढण्याचा घाट घातला. मासिकाच्या नावातला ‘केरळ’ तेथून आला. संपादक एका टोकाला आणि वाचक दुसऱ्या टोकाला, अशा व्यवहाराचा सारा भार टपालावर असे. असे असूनही ‘केरळकोकीळ’ दोन दशकांहून अधिक काळ चालले.

व्हर्नची मूळ कादंबरी १८६५ ची. अमेरिकेतील तोफा बनविणाऱ्यांचे एक मंडळ नऊशे फूट लांबीची तोफ जमिनीत ओतते आणि तीन प्रवाशांना पोकळ गोळ्यात बसवून चंद्राकडे सोडते, हे तिचे कथानक. आजच्या वाचकाला त्यातील विज्ञान भाबडे वाटेल. इतक्या आखूड अंतरात एवढा प्रचंड वेग दिला, तर त्या धक्क्याने आतील माणसे जगणार नाहीत, हे आता शाळकरी मुलालाही सांगता येते. तथापि, १९०० सालच्या मराठी वाचकाची स्थिती ध्यानात घ्यावी. त्याच्या घरात विजेचा दिवा नव्हता. विमान अद्याप उडाले नव्हते. पुष्पक विमानाच्या कथा मात्र तो लहानपणापासून ऐकत आला होता.

अनुवादाच्या अंकाअंकातून या वाचकापुढे एक नवी गोष्ट येत होती. पुष्पक कोणत्या बळावर उडते, असे पुराणातील श्रोता विचारत नाही. व्हर्नची पात्रे मात्र तोफेची लांबी, दारूचे वजन, गोळ्याचा वेग आणि चंद्राचे अंतर यांचा हिशेब मांडतात. अद्भुताला हिशेब लागतो, ही विज्ञानकथेची मूळ अट आहे. ही अट वाचकाला एकदम पचत नाही. तिची सवय लागावी लागते आणि ती लावण्यासाठी महिन्याच्या महिन्याला थोडे थोडे देणारे मासिक हे पुस्तकापेक्षा अधिक सोयीचे साधन होते. बरे, गुरुत्वाकर्षण, वेग, कक्षा यांसारखे शब्द त्या काळी सर्वसामान्यांच्या तोंडी रुळलेले नव्हते. तेव्हा गोष्टीबरोबर भाषाही शिकवावी लागत होती.

अनुवादापाठोपाठ स्वतंत्र कथाही आली. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ‘मनोरंजन’ मासिकात प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिल्या स्वतंत्र विज्ञानकथेचा मान तिला दिला जातो. ‘मनोरंजन’ म्हणजे १९०९ मध्ये मराठीतील पहिला दिवाळी अंक काढणारे का. र. मित्र यांचे मासिक. तेही एका माणसाच्या ध्यासातूनच उभे राहिले होते.

मासिक चालते कसे, थांबते कसे

छोट्या मासिकाचे गणित तेव्हा आणि नंतरही फारसे बदलले नाही. वाचकाने वर्षाची वर्गणी आगाऊ भरावी, त्या पैशातून संपादकाने कागद आणावा, छापखान्याचे बिल द्यावे आणि अंक टपालात टाकावे, असा हा व्यवहार. त्यात पहिल्या वर्षी उत्साह असतो. ओळखीचे लोक भिडेखातर वर्गणीदार होतात. खरी कसोटी लागते ती दुसऱ्या वर्षी, वर्गणी नव्याने मागण्याची वेळ आल्यावर. व्ही. पी. ने पाठविलेला अंक वाचकाने सोडवून घेतला नाही, तर तो परत येतो आणि जाण्यायेण्याचा खर्च संपादकाच्या माथी बसतो. अशी थोडी पाकिटे परत आली, तरी पुढच्या अंकाचा कागद उधारीवर आणावा लागतो.

छपाईचे तंत्रही हौशी माणसाची परीक्षा पाहणारे होते. देवनागरीचा एकेक खिळा हाताने जुळवून पान उभे करावे लागे. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरता खिळ्यांचे प्रकार रोमन लिपीपेक्षा कितीतरी अधिक. प्रत शंभर छापा की हजार, जुळणीचा खर्च तेवढाच. त्यामुळे खप जितका कमी, तितकी प्रत महाग, असा हा पेच होता. विज्ञानकथेच्या वाट्याला तो अधिक आला, कारण तिचा वाचकच मुळात थोडा आणि विखुरलेला.

कारखान्याच्या आवारातून

टेंभूपासून कृष्णेच्या प्रवाहाबरोबर खाली सरकले, की पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी लागते. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. परंतु हे दोन जिल्हे वेगळे झाले ते १९४९ मध्ये. त्या वर्षी साताऱ्यापासून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये येथे नांगरांचा कारखाना थाटला, तेव्हा हा माळ औंध संस्थानात होता. संस्थानची राजधानी औंध आज सातारा जिल्ह्यात आहे.

या कारखान्याच्या आवारातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघाले. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. कारखान्याची आणि मालाची माहिती देणारे हे छोटेखानी पत्र पाहता पाहता मराठीतले एक प्रमुख मासिक झाले. पुढे सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या आग्रहातून ‘खबर’ हा शब्द गळाला आणि ‘किर्लोस्कर’ एवढेच नाव उरले. सावरकरांचे अनेक विज्ञाननिष्ठ निबंध याच मासिकातून वाचकांपुढे आले. ‘स्त्री’ १९३० मध्ये आणि ‘मनोहर’ १९३४ मध्ये, ही भावंडेही येथूनच निघाली.

‘किर्लोस्कर’ हे विज्ञानकथेचे मासिक नव्हते. तरीही त्याचा उल्लेख येथे करावा लागतो. यंत्राविषयी मराठीत, घरगुती भाषेत, न घाबरता बोलता येते, हे त्याने दाखविले. यंत्राची भीती गेल्याखेरीज यंत्राची गोष्ट रुचत नाही. शिवाय ‘किर्लोस्कर’च्या पाठीशी कारखाना उभा होता. पाठीशी असा आधार असला म्हणजे मासिकाला पहिल्या वर्षांत दम धरता येतो. आठल्यांसारख्या एकट्या संपादकाला तो आधार नव्हता.

हौशी वाचकांची पत्रे

याच सुमारास अमेरिकेत निराळ्या वाटेने छोटी मासिके जन्माला येत होती. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले. त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापली जात. पत्ते मिळताच वाचक एकमेकांना थेट लिहू लागले. त्यातून मंडळे झाली आणि मंडळांची स्वतःची पत्रके निघाली. १९३० मध्ये शिकागोहून निघालेले ‘द कॉमेट’ हे अशा हौशी पत्रांतील पहिले मानले जाते. त्यांना ‘फॅनझिन’ हे नाव मिळाले ते दहा वर्षांनी, १९४० मध्ये.

या मुलांजवळ छापखाना नव्हता. होते ते सायक्लोस्टाइल यंत्र. मेणाच्या कागदावर टंकयंत्राने शाईच्या फितीविना अक्षरे ठोकली, की मेण फाटून अक्षरांच्या आकाराची छिद्रे पडतात. हा कागद शाईच्या रुळावर चढवून फिरवला, की छिद्रांतून शाई झिरपून प्रत उमटते. खर्च थोडा, श्रम पुष्कळ आणि अक्षर पुसट. क्लीव्हलंडच्या जेरी सीगेल आणि जो शुस्टर या दोन विद्यार्थ्यांनी अशाच एका पत्रकात १९३३ मध्ये ‘सुपरमॅन’ हे नाव प्रथम वापरले. ते पत्रक पाच अंकांत संपले. रे ब्रॅडबरी यांचे ‘फ्युचुरिया फँटेशिया’ चार अंकांत आटोपले. पत्रके बुडाली, पण त्यांतून लिहिते झालेले लेखक पुढे जगभर वाचले गेले.

आपल्या देशात अद्रीश बर्धन यांनी १९६३ मध्ये कोलकात्याहून ‘आश्चर्य’ हे विज्ञानकथांचे बंगाली मासिक काढले. तेही वैयक्तिक अडचणींच्या भाराखाली काही वर्षांतच थांबले. मराठीत अनंत अंतरकर यांनी १९४६ मध्ये ‘हंस’ सुरू केल्यानंतर ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ ही मासिके काढली. त्यांपैकी ‘नवल’ने अद्भुत, गूढ आणि वैज्ञानिक कल्पनांच्या कथांना जागा दिली. अंतरकर १९६६ मध्ये निवर्तले आणि अंकांची धुरा कुटुंबाने उचलली. घरचे माणूस पुढे आले नसते, तर संपादकाबरोबर अंकही संपले असते.

कऱ्हाडचे व्यासपीठ

१९६६ मध्येच मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. परिषदेने पत्रिका चालविली, विज्ञानकथांच्या स्पर्धा घेतल्या. १९७४ च्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पहिला क्रमांक मिळाला. ती होती डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांची. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हस्तलिखित पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहवून घेतले होते. जगद्विख्यात शास्त्रज्ञाची कथा केवळ कथा म्हणून पारखली जावी, एवढाच त्यामागील हेतू. अशी निखळ पारख एका स्वयंसेवी संस्थेच्या छोट्या स्पर्धेत होऊ शकली, ही बाब महत्त्वाची.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन कऱ्हाडला भरले. आणीबाणीच्या सावटाखालील हे संमेलन अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांच्या निर्भीड भूमिकेसाठी आजही आठवले जाते. याच संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात दुर्गाबाईंनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची प्रशंसा केली होती, ही गोष्ट मात्र राजकीय गदारोळात मागे पडली. आठल्यांचे टेंभू जेथून हाकेच्या अंतरावर, त्याच कऱ्हाडात सुमारे पाऊणशे वर्षांनी विज्ञानकथेला साहित्याच्या मुख्य व्यासपीठावरून दाद मिळाली. नारळीकर २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

पाणी आणि कागद

आज अंक काढणे सोपे झाले आहे. खिळे गेले, सायक्लोस्टाइल गेले, संगणकावर एका रात्रीत पाने लागतात. तरीही वर्गणीचा आणि सातत्याचा प्रश्न जेथल्या तेथे आहे. अंक काढणाऱ्याला नोकरी, संसार सांभाळून दुसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचायचे असते. तेथे त्याला सर्वाधिक गरज असते ती पत्र पाठविणाऱ्या, चुका दाखविणाऱ्या आणि पुढच्या अंकाची वाट पाहणाऱ्या वाचकाची.

दुसरा प्रश्न जतनाचा. मासिकाचा अंक पुस्तकासारखा जपला जात नाही. महिना उलटला, की तो रद्दीत जातो. उरतात त्या वाचनालयांनी बांधून ठेवलेल्या फायली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या नगर वाचनालयात शिरले आणि हजारो पुस्तके भिजून गेली. त्यांत दीडशे वर्षांच्या संचितातील दुर्मिळ ग्रंथही होते. पुन्हा मिळणारी पुस्तके विकत आणता येतात. एखाद्या बंद पडलेल्या मासिकाची शेवटची फाइल लगदा झाली, तर त्यातील कथा आणि कथाकार दोन्ही पुसले जातात.

सातारा, कऱ्हाड, सांगलीच्या जुन्या घरांत, माळ्यावरच्या ट्रंकांत असे अंक अजूनही असू शकतील. घर आवरताना ते रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी एकदा चाळावेत, वाचनालयाला दाखवावेत आणि पाने मोबाइलने टिपून ठेवावीत. त्यासाठी संस्था लागत नाही आणि अनुदानही. ‘केरळकोकीळ’च्या वर्गणीदाराने सव्वाशे वर्षांपूर्वी केले, त्याहून हे काम फार मोठे नाही.