जप्त घराची खरेदी : तारण, ताबा आणि कोकणातील सामाईक हक्क
(रत्नागिरी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

५ जानेवारी २०२४ रोजी मुंबईत झालेल्या एका लिलावात रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील मुंबके या गावच्या १७१ चौरस मीटर शेतजमिनीवर २ कोटी १ लाख रुपयांची बोली लागली. तिची राखीव किंमत होती १५,४४० रुपये. दाऊद इब्राहिमच्या कुटुंबाची म्हणून सरकारजमा झालेली ही जमीन असल्याने वृत्तपत्रांनी या लिलावास भरपूर जागा दिली. त्याच वृत्तपत्रांच्या आतील पानांवर बारीक टाइपात बँकांच्या 'कब्जा सूचना' आणि 'ई-लिलाव विक्री सूचना' नित्य प्रसिद्ध होत असतात. घराच्या शोधात असलेला नोकरदार वर्ग त्या लक्षपूर्वक वाचतो. बोलीभाषेत या दोन्ही प्रकारांना 'जप्तीच्या मालमत्तेचा लिलाव' असेच म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांत मूलभूत फरक आहे व तो ध्यानात न आल्यामुळेच खरेदीदाराच्या बहुतेक अडचणी सुरू होतात.

मुंबके येथील जमीन तस्कर व परकीय चलनातील गैरव्यवहार करणाऱ्यांच्या मालमत्तेविषयीच्या १९७६ च्या कायद्याखाली सरकारजमा झालेली होती. त्या कायद्यान्वये मालमत्ता सर्व बोजांपासून मुक्त होऊन केंद्र सरकारच्या मालकीची होते. म्हणजे सरकार स्वतः मालक या नात्याने विक्री करते. बँक मात्र कर्जदाराच्या घराची मालक कधीच होत नाही. ती तारणाची धारक असते आणि कर्जदाराचा त्या घरात जो व जेवढा हक्क आहे, तो व तेवढाच विकण्याचा अधिकार कायदा तिला देतो. प्रस्तुत लेखात या एका सूत्राच्या आधारे जप्त घराच्या खरेदीची प्रक्रिया आणि कोकणात तिला येणारे विशेष स्वरूप यांचे विवेचन केले आहे.

तारणापासून लिलावापर्यंत :

'सरफेसी' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा २००२ चा कायदा येण्यापूर्वी तारण मालमत्ता विकण्यासाठी बँकेस सामान्यतः न्यायालय किंवा कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जावे लागे. या कायद्याने न्यायालयाच्या पूर्वपरवानगीविना विक्रीचा मार्ग खुला केला. मार्डिया केमिकल्स खटल्यात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. मात्र दाद मागण्यापूर्वी कर्जदाराने मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरली पाहिजे ही अट रद्द केली. सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो किंवा नाही, हा वाद दीर्घकाळ चालला. तो ५ मे २०२० रोजी घटनापीठाने मिटविला. हा खटला कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेचा होता आणि निर्णय सहकारी बँकांच्या बाजूने लागला.

कर्जखाते अनुत्पादक ठरल्यावर बँक कर्जदारास ६० दिवसांची मागणी नोटीस देते. तीवर कर्जदाराने हरकत घेतल्यास १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. मुदतीत रक्कम न भरल्यास प्राधिकृत अधिकारी ताबा घेतो आणि सात दिवसांच्या आत दोन वृत्तपत्रांत, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील, कब्जा सूचना प्रसिद्ध करतो. त्यानंतर मूल्यांकन करून राखीव किंमत ठरते आणि ३० दिवसांची विक्री सूचना निघते. पहिला लिलाव अयशस्वी झाल्यास पुढील वेळी १५ दिवसांची सूचना पुरते.

येथे 'ताबा' या शब्दापाशी थांबणे अगत्याचे आहे. दारावर नोटीस चिकटवून घेतलेला तो सांकेतिक ताबा. कुलूप लावून, मोहोर करून घेतलेला तो प्रत्यक्ष ताबा. सांकेतिक ताब्यावर घर विक्रीस काढता येते, पण त्या वेळी घरात कर्जदाराचे कुटुंब राहत असते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ अन्वये जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. त्यावर ३० दिवसांत, कारणे नोंदवून जास्तीत जास्त ६० दिवसांत आदेश व्हावा असे कायदा म्हणतो. तथापि ही मुदत बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सी. ब्राइट प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून जाहिरातीत ताब्याचा प्रकार कोणता लिहिला आहे, हे राखीव किमतीच्याही आधी पाहावयास हवे. सांकेतिक ताब्यातील घर स्वस्त दिसते, कारण ते रिकामे होण्यास लागणारा काळ आणि त्या काळातील अनिश्चितता बँकेने खरेदीदाराच्या पदरात घातलेली असते.

प्रत्यक्ष ताब्यातील घराचीही एक कोकणी अडचण आहे. जांभ्याच्या भिंती व कौलारू छप्पर असलेले घर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारावे लागते. मोहोरबंद घराचे छप्पर कोणी शाकारत नाही. दोन पावसाळे बंद राहिलेल्या घराची वासे-रिपांची अवस्था मूल्यांकनाच्या अहवालावरून कळत नाही, आणि विक्री मात्र 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर होते. पाहणीसाठी ठेवलेला दिवस खरेदीदाराने म्हणूनच वाया दवडू नये.

सामाईक घर आणि सातबारा :

शहरातील सदनिकेच्या तुलनेत वाडीतील घराचा हक्क उकलणे कठीण असते. कोकणातील सातबारावर एकाच जमिनीस अनेक सहहिस्सेदारांची नावे आढळतात. त्यांपैकी काही मुंबईस, काही दिवंगत, वारसनोंद झालेली नाही, वाटणी तोंडी. जमिनीचे वाटप न होता घर मात्र एका भावाने बांधलेले व त्याच्याच नावे घरपट्टी लागलेली, हे चित्र अपरिचित नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा कर आकारणीसाठी असतो, त्याने मालकी सिद्ध होत नाही. तरीही कर्ज देताना तोच प्रमुख कागद मानला गेला असेल, तर तारणाचा पाया तेथेच कच्चा राहतो.

अशा वेळी बँक विकते तो अविभक्त हिस्सा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४४ नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्या व्यक्तीने घेतला, तर तिला घरात सामाईक ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा करावा लागतो. तो दावा केल्यास १८९३ च्या वाटप कायद्याचे कलम ४ पुढे येते. त्यानुसार कुटुंबातील हिस्सेदार न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस तो हिस्सा स्वतः विकत घेऊ शकतो. म्हणजे विक्री प्रमाणपत्र हाती असूनही खरेदीदार उंबरठ्याबाहेर राहण्याची व अखेरीस पैसे घेऊन परत फिरण्याची शक्यता उरतेच. कुटुंबाच्या घराचे तुकडे परक्यांच्या हाती जाऊ नयेत हा या तरतुदींमागील हेतू रास्त आहे. पण लिलावाच्या जाहिरातीत त्यांचा उल्लेख सहसा नसतो. विहिरीतील पाळी, सामाईक पाखाडीवरून जाण्या-येण्याचा हक्क, गडग्याची हद्द या गोष्टींचेही तसेच. कर्जदार घरातून गेला तरी शेजारी राहणारे त्याचे चुलतभाऊ तेथेच असतात.

दुसरा प्रश्न शेतजमिनीचा. सरफेसी कायद्याच्या कलम ३१ मधील तरतुदीनुसार शेतजमिनीवरील तारणास हा कायदा लागूच होत नाही. बिनशेती न करता बांधलेल्या घराबाबत कर्जदार हा मुद्दा उपस्थित करू शकतो. गोव्यातील एका पंचतारांकित हॉटेलच्या प्रकरणात नेमके हेच घडले. २०१५ मध्ये आयटीसीने ते हॉटेल ५१५.४४ कोटी रुपयांस लिलावात घेतले. ब्लू कोस्ट हॉटेल्स या कर्जदार कंपनीने तारणातील काही जमीन शेतीची असल्याचा आक्षेप घेतला. ती जमीन प्रत्यक्षात शेतीसाठी वापरली जात नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ रोजी आक्षेप फेटाळला. निकाल खरेदीदाराच्या बाजूने लागला खरा; पण मधली तीन वर्षे गेली. एखादी कंपनी तीन वर्षे थांबू शकते. भाड्याच्या घरात राहून गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्या प्राध्यापकास ते कितपत जमेल, याचा विचार ज्याचा त्याने करावयाचा आहे. जमीन खरोखरच शेतीची असेल तर कूळकायद्याच्या कलम ६३ चाही अडसर आहे : शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीविना ती घेता येत नाही.

घरात भाडेकरू असल्यास प्रश्न आणखी निराळा. विशाल कळसारिया प्रकरणात (२०१६) महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखालील भाडेकरूंना सरफेसीच्या आधारे बाहेर काढता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढे २०१९ मध्ये बजरंग अगरवाल प्रकरणात, भाडेकरार सिद्ध करण्याची जबाबदारी भाडेकरूवर टाकून या संरक्षणास मर्यादा घालण्यात आली. तात्पर्य, घरात कोण राहते याची चौकशी बँकेच्या कार्यालयात न करता वाडीत जाऊन करणे श्रेयस्कर.

रक्कम, मुदत आणि कर्जदाराचा हक्क :

लिलाव या शब्दाचे मूळ पोर्तुगीज आहे. त्याची घाई मात्र सर्वत्र सारखीच. समजा, राखीव किंमत ४० लाख आहे आणि इसाऱ्याची अनामत १० टक्के, म्हणजे ४ लाख. बोली ४४ लाखांवर थांबली. नियम ९ प्रमाणे २५ टक्के, म्हणजे ११ लाख रुपये, अनामत धरून त्याच दिवशी किंवा फार तर पुढील कामकाजाच्या दिवशी भरावे लागतात. अर्थात ७ लाख तत्काळ. उरलेले ३३ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी संमतीने ही मुदत वाढू शकते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. न भरल्यास आधीची रक्कम जप्त होते. सेंट्रल बँक विरुद्ध षण्मुगवेलू या प्रकरणात (२ फेब्रुवारी २०२४) सर्वोच्च न्यायालयाने अशी २५ टक्के रकमेची जप्ती वैध ठरविली. करार कायद्यातील नुकसानभरपाईची तत्त्वे तेथे लागू होत नाहीत, असे म्हटले. गृहकर्ज मंजूर होण्यास लागणारा काळ, भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्याची कार्यपद्धती आणि सेवक पतपेढीच्या कर्जमर्यादा पाहता, रकमेची जुळवाजुळव बोलीनंतर करू म्हणणाऱ्याने बोली न लावणेच बरे.

कर्जदाराच्या बाजूचाही विचार येथे केला पाहिजे. सर्व देणे फेडून घर सोडवून घेण्याचा हक्क त्यास आहे. तो कोठवर टिकतो? २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच. नवी मुंबईतील एका मालमत्तेस १०५.०५ कोटींची बोली लागल्यावर कर्जदार बाफना मोटर्सने १२९ कोटी भरण्याची तयारी दर्शविली व मुंबई उच्च न्यायालयाने ती मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी तो आदेश रद्द करून खरेदीदार सेलिर या संस्थेचा हक्क कायम केला. लिलावाचे पावित्र्य टिकावे हा विचार समजण्यासारखा आहे. तथापि नोकरी गेल्यामुळे वा आजारपणामुळे हप्ते थकलेल्या कुटुंबास सूचना छापल्याच्या दुसऱ्या दिवशी पैसे मिळाले, तर कायद्याचे दार बंद झालेले असते, हे कठोर आहे. बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाण्याचा मार्ग तेवढा राहतो. विक्रीतून देणे व खर्च वजा जाता उरलेली रक्कम कर्जदारास परत मिळाली पाहिजे, असेही कायदा सांगतो.

पतसंस्थांना सरफेसी कायदा लागू नाही. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवितात आणि १९६१ च्या नियमांतील नियम १०७ प्रमाणे विक्री होते. तेथे बोलीच्या वेळी १५ टक्के आणि उर्वरित १५ दिवसांत भरावयाचे असतात. मात्र विक्रीनंतरही ३० दिवसांपर्यंत कर्जदार देणे आणि खरेदीदारास किमतीच्या ५ टक्के भरपाई भरून विक्री रद्द करवून घेऊ शकतो. कर्जदारास अखेरची संधी देणारी ही जुनी पद्धत सरफेसीपेक्षा अधिक माणुसकीची वाटते. खरेदीदाराने मात्र तो महिना उलटेपर्यंत घरावर खर्च करू नये.

थकबाकी आणि नोंद :

बँक फक्त तिला ज्ञात असलेल्या बोजांची हमी देते. विजेच्या थकबाकीविषयी के. सी. निनान प्रकरणात (२०२३) नियमांत तशी तरतूद असल्यास ती लिलावातील खरेदीदाराकडून मागता येते, असे ठरले. महाराष्ट्रात नियामक आयोगाच्या नियमांनी अशा नव्या मालकावरील भार सहा महिन्यांच्या थकबाकीपुरता मर्यादित केला आहे. घरपट्टी, पाणीपट्टी व गृहनिर्माण संस्थेचे देणे यांची लेखी चौकशी बोलीपूर्वीच करावी.

पूर्ण रक्कम भरल्यावर प्राधिकृत अधिकारी विक्री प्रमाणपत्र देतो. त्याची प्रत निबंधकाकडे दाखल झाल्यानंतर खरेदीदार तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज करतो. तलाठी हितसंबंधितांना नोटिसा काढतो आणि हरकतीसाठी १५ दिवस ठेवतो. ज्या सहहिस्सेदारांना लिलावाची वार्ता वृत्तपत्रातून कळली नव्हती, त्यांच्या हाती बहुधा प्रथम हीच नोटीस पडते. हरकत आली तर नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि निर्णय होईपर्यंत सातबारावर जुनीच नावे राहतात.