हुनर घेतले, माणूस टाकला

अमेरिकेत दरवर्षी लाखो लोक परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतात. बंदूकवाला लांबूनच नेम धरतो. धनुष्यवाल्याला हरणापासून वीस-तीस मीटरवर पोहोचावे लागते. वारा फिरला की माणसाचा वास जातो आणि हरीण पसार. कित्येकांचे हंगामच्या हंगाम रिकामे जातात. म्हणून पहिले हरीण मिळाले की त्याचा अभिमान जन्मभर पुरतो. मोठ्या शिंगांची नोंद ठेवते 'पोप अँड यंग क्लब' ही १९६१ साली स्थापन झालेली संस्था. पोप आणि यंग हे दोघे गोरे धनुर्धारी. पण पोप यांना ही विद्या दिली कोणी? वाचकहो, आम्हाला आज त्या गुरूविषयी बोलायचे आहे.

उत्तर कॅलिफोर्नियात डियर क्रीक नावाचा ओढा आहे. डियर क्रीक म्हणजे हरणांचा ओढा. तेथे याही नावाचे मूलनिवासी राहत. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि गोऱ्यांचे लोंढे आले. याहींच्या जमिनी गेल्या, कत्तली झाल्या. उरलेली मूठभर माणसे दऱ्याखोऱ्यांत लपून जगली. बंदुकीच्या आवाजाने ठावठिकाणा कळतो, धनुष्याने कळत नाही. १९०८ साली मोजणीदारांची तुकडी त्यांच्या वस्तीवर आली आणि शिकारीची हत्यारे, पांघरुणे, टोपल्या उचलून घेऊन गेली. भुकेल्यांच्या घासावरचा हा दरोडा नव्हे तर काय?

ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिल गावच्या कत्तलखान्याजवळ एक उपाशी माणूस सापडला. त्यांनी आपले नाव कधीच सांगितले नाही. मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांनी त्यांना 'इशी' म्हटले. त्यांच्या भाषेत इशी म्हणजे माणूस. त्यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात ठेवले गेले. तेथे ते लोकांसमोर बाण घडवून दाखवत, बाटलीच्या काचेचीही टोकदार पाती करत.

शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सॅक्स्टन पोप शिकवत. ते इशींचे शिष्य झाले. जुनिपरच्या लाकडाला जनावराच्या स्नायूंचे तंतू चिकटवून धनुष्य कसे करायचे, हे इशींनी दाखवले. हरणाच्या शिकारीआधी एक दिवस मासे खायचे नाहीत, तंबाखूच्या धुराचा वास अंगाला लागू द्यायचा नाही, सकाळी अंघोळ करून तोंड धुवायचे, उपाशीपोटी निघायचे. भुसा भरलेले हरणाचे मुंडके डोक्यावर धरून झुडपाआडून हलवायचे, म्हणजे हरीण कुतूहलाने जवळ येते. हे शास्त्रच होते. ते पिढ्यान्पिढ्यांच्या निरीक्षणातून आले होते, विद्यापीठातून नव्हे.

२५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयाने गेले. शवविच्छेदन करू नका, असे क्रोबर यांनी पत्राने कळवले होते. तरीही ते झाले, मेंदू काढला गेला. पुढे खुद्द क्रोबर यांनीच तो स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला. शिष्याचा अंगठा मागणारा द्रोण आपल्याला ठाऊक आहे. इथे विद्या गुरूने दिली आणि मेंदूही गुरूचाच गेला! मूलनिवासींनी पाठपुरावा केला, तेव्हा २००० साली तो परत मिळाला आणि अस्थींसह मातीत गेला.

पोप यांनी गुरू लपवला नाही, हे मान्य केले पाहिजे. १९२३ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी इशींविषयी आदराने लिहिले. पण गुरूचे नाव पुस्तकाच्या पानात राहिले आणि संस्थेच्या पाटीवर शिष्यांची नावे चढली. हुनर हवे, पण हुनरवंताची जमात नको, हा व्यवहार फक्त अमेरिकेतलाच आहे काय? पहिले हरीण पाडून फोटो काढणाऱ्याने एवढे तरी विचारावे, की ही विद्या ज्यांची होती, त्यांच्या वाट्याला त्या ओढ्याकाठी हातभर जमीन का उरली नाही?