मृत्युस्थळ आणि स्मरणस्थळ

गायक जेथे देह ठेवतो ते स्थळ आणि लोक त्याचे स्मरण जेथे जपतात ते स्थळ, ही दोन्ही एकच असतात असे सहसा गृहीत धरले जाते. दोन परस्परविरुद्ध उदाहरणे पाहिली असता हे गृहीत फार काळ टिकत नाही.

अमेरिकन रॉक गायक ग्रॅम पार्सन्स हा १९७३ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री या वाळवंटी गावी एका हॉटेलात उतरला होता. तेथील ८ क्रमांकाच्या खोलीत मद्य व मॉर्फीन यांच्या अतिसेवनाने तो बेशुद्ध पडला, आणि १९ सप्टेंबर रोजी, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, नजीकच्या रुग्णालयात मृत घोषित झाला. म्हणजे कागदोपत्री मृत्यूची नोंद रुग्णालयातील. परंतु लोकस्मृतीने खोलीच पत्करली. पुढे व्यवस्थापक फिल कॉफमन याने एका साथीदारासह लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून शव पळवले व जोशुआ ट्रीच्या वाळवंटातील कॅप रॉक या खडकापाशी त्यास अग्नी दिला. उरलेले अवशेष कुटुंबीयांनी दूर लुइझियानात पुरले. चाहत्यांनी मात्र ना थडगे मानले, ना रुग्णालय. खडकाजवळील स्मृतिशिलाही वनोद्यानाच्या अधिकाऱ्यांनी हलवली, ती अखेर त्याच हॉटेलाच्या आवारात आली. याचे कारण शोधू गेल्यास ते भावनेइतकेच व्यवहारातही सापडते: हॉटेलाची खोली भाड्याने मिळते. रुग्णालयातील खाट कोणी एका रात्रीसाठी मागू शकत नाही.

महाराष्ट्राशी निगडित असलेले दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. किराणा घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अब्दुल करीम खाँ हे २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीस जात असता वाटेत अस्वस्थ झाले व सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर बिछाना पसरून, तंबोरा जुळवून, दरबारी कानड्यात प्रार्थना गात त्यांनी प्राण सोडला, असे शिष्यपरंपरा सांगते. हे वर्णन भक्तिभावाने घडलेले आहे, हे ध्यानात ठेवूनच त्याचा स्वीकार करावयास हवा. तथापि इतका हृद्य प्रसंग ज्या फलाटाशी जोडला गेला, तेथे त्यांचे स्मरण स्थिरावले नाही. पार्थिव देह मिरजेस आणण्यात आला व ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन झाला.

मिरज हे खाँसाहेबांच्या दीर्घ वास्तव्याचे गाव. तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांचेही. दर्ग्याचा उरूस तर त्यांच्या आधीपासूनच भरत असे, आणि त्यात ते स्वतः गायनसेवा करीत. स्मरणाला लागणारी तिथी, जागा व श्रोते अशा रीतीने मृत्यूपूर्वीच तयार होते. पार्सन्सच्या चाहत्यांना यांपैकी काहीच हाती नव्हते. त्यांना खोलीच्या क्रमांकावर भागवावे लागले. मिरजेत उरुसाच्या दिवसांत खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होतात, आणि गायक-वादक तेथे हजेरी लावतात ती सेवा म्हणून.