घागर पितरांची, घागर पावसाची

नामपूर, जायखेडा, ताहाराबाद या मोसम खोऱ्यातल्या गावांत वर्षाचे मोठे सण दोन, दिवाळी आणि आखाजी. दिवाळी सगळ्या महाराष्ट्राची. आखाजीचा थाट मात्र खानदेशाचा, आणि १८६९ साली नाशिक जिल्हा निराळा होईपर्यंत बागलाण खानदेशातच मोडत असल्याने अहिराणीबरोबर आखाजीही इथल्या मातीत मुरलेली आहे. पंचांग तिला अक्षय्य तृतीया म्हणते, साडेतीन मुहूर्तांत तिची गणना करते. सराफांच्या जाहिरातींनी तर तिला सोनेखरेदीचा दिवसच करून टाकले आहे. पण बागलाण आणि आसपासच्या कसमादे पट्ट्यातले या दिवसाचे आचार एकापुढे एक मांडून पाहिले की मुहूर्त ही त्यातली वरची साय आहे, असे माझे मत बनते. रब्बी घरात आलेली, खरीप अजून आभाळात, अशा शेतीवर्षाच्या सांध्यावरचा हा सण आहे. पितर, लेकी, सालदार आणि पाऊस यांची आठवण एकाच दिवशी होते ती त्या सांध्यामुळे.

सर्वांत बोलका पुरावा घागरीचा. आखाजीला कुंभाराकडून नवी घागर आणतात, ती पाण्याने भरतात, तिच्या तोंडावर मातीचे लहान भांडे आणि त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, किंवा आंबा ठेवतात. पुरणपोळी, आमरस, कुरडया, सांजोऱ्या असा स्वयंपाक होतो. चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि घास सोडून आगारी टाकली जाते, गेलेल्यांची आठवण काढली जाते, आणि मगच घरातली पाने वाढली जातात. इथवर हे सरळ पितृकार्य झाले. पण खानदेश-वऱ्हाडात हीच घागर मातीच्या चार ढेकळांवर ठेवण्याची रीत आहे. ढेकळांची नावे ज्येष्ठ, आषाढ, श्रावण आणि भाद्रपद. नवे मडके पाझरतेच. त्या पाझराने जे ढेकूळ अधिक भिजेल त्या महिन्यात पाऊस अधिक, असा अंदाज बांधतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची प्रसिद्ध घटमांडणी हे याच रीतीचे गावजत्रेएवढे वाढलेले रूप आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडून भोवती अठरा धान्ये ठेवतात, मध्ये चार ढेकळांवर पाण्याची घागर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे भाकीत सांगतात. त्या भाकिताला हवामानशास्त्राचा आधार नाही, आणि त्यावर पेरणीचा निर्णय कोणी घेऊ नये. इथे महत्त्वाचे आहे ते निराळेच: ज्या घागरीतून पितरांना पाणी द्यायचे, तिलाच पावसाचे विचारायचे. मागच्या पिढ्या आणि पुढचा हंगाम यांच्यासाठी दोन वेगळी भांडी या शेतकऱ्याने ठेवली नाहीत.

यावर धर्मशास्त्राचा अभ्यासक हरकत घेईल, आणि ती हलकी नाही. या तिथीचे व्रत फार जुने आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी तिचा माग विष्णुधर्मसूत्रापर्यंत नेला आहे. मत्स्यपुराणात तिच्यावर स्वतंत्र अध्याय आहे. विष्णुपुराणाने वैशाख शुद्ध तृतीया, कार्तिक शुद्ध नवमी, भाद्रपद वद्य त्रयोदशी आणि माघातली पंचदशी अशा चार युगादि तिथी सांगितल्या आणि त्या दिवशी पितरांना तिलोदक देण्याचे फळ वर्णिले. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या धर्मसिंधूत, म्हणजे १७९० च्या सुमारास, युगादीचे पिंडरहित श्राद्ध आणि उदकुंभाचे दान दोन्ही येतात. मग आखाजीची घागर म्हणजे ग्रंथातला उदकुंभच खेड्यात उतरला, असे का म्हणू नये? शुभ मुहूर्ताच्या दिवशी श्राद्ध कसे, हा अनेकांना पडणारा प्रश्नही या ग्रंथांनी सुटतो, हे मान्यच करायला हवे. तरी ग्रंथातून आचार उतरला एवढ्याने भागत नाही. युगादि तिथी चार आहेत. त्यांतली घराघरांत सण होऊन बसली ती एकटी वैशाखातली. कार्तिकी नवमीला किंवा माघातल्या पंचदशीला खानदेशात कोणी घागर भरत नाही. ग्रंथाने चारही दिवसांना सारखे पुण्य दिले, निवड ऋतूने केली. वैशाखात विहिरी तळाला जातात, मोसमचे पात्र कोरडे पडते, आणि तहानलेल्याला पाणी देणे हे पुण्य आहे हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. शिवाय ढेकळांची रीत धर्मसिंधूत नाही. ती शेतातून आली आहे.

दुसरा धागा लेकींचा. उरलेल्या महाराष्ट्रात चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर झोपाळ्यावर बसते, महिनाभर हळदीकुंकू होते, कैरीची डाळ आणि पन्हे वाटले जाते, आणि अक्षय्य तृतीयेला गौर उठते. राजस्थानात गणगौर चैत्र शुद्ध तृतीयेलाच पुजली जाते. खानदेशातल्या मुलीही गौराई बसवतात, टोपलीत गहू पेरतात. पण इथे निंबाला दोर बांधून झोक्यावर बसते ती न्यायला गेलेल्या मुऱ्हाळ्याबरोबर माहेरी आलेली लेक. हा फरक मला फार मोठा वाटतो. देवघरात देवीच्या वाट्याला आलेले कौतुक इथे हाडामांसाच्या मुलीला मिळते, आणि तेही मळणी आटोपून पेरणीला अवकाश असताना, म्हणजे सासरच्या शेतातून तिला सोडणे परवडते तेव्हाच. झोक्यावरच्या गाण्यांत सासूचा जाच येतो, दोन गावांच्या मुली नदीकाठी समोरासमोर उभ्या राहून गाण्यांतून एकमेकींना शिव्या देतात. एरवी जे बोलायची सोय नाही ते या दिवसांत बोलता येते. हे सारे निव्वळ आनंदाचे मानणे म्हणजे त्या गाण्यांकडे कान न देणे होय.

सालदाराची, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणाऱ्या शेतमजुराची, गोष्ट याहून कडू. खानदेशात साल धरायचे ते आखाजी ते आखाजी. जुना हिशेब मिटवायचा, उचल ठरवायची, धान्य किती आणि रोकड किती ते बोलून घ्यायचे. सणाचे कौतुक करताना हा भाग वगळला जातो, पण शेतीवर्ष कुठे सुरू होते याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही; मजुरीचा करार कोणी पुराण वाचून करत नाही. उचल फिटली नाही की माणूस पुढच्या सालाला बांधला जाई, हेही त्याच व्यवहाराचे अंग होते. वेठबिगारी मोडणारा केंद्राचा कायदा यायला १९७६ साल उजाडावे लागले.

राहिला सोन्याचा प्रश्न. आजचा आचार म्हणून सोनेखरेदीही परंपराच नाही का, असे विचारले जाते. आचार बदलतात, त्याला हरकत नाही. पण या दिवसाच्या जुन्या विधींत भर देण्यावर आहे: पाणी, अन्न, पितरांचा घास. हा भर शेजारच्या जैन परंपरेतही दिसतो. नामपूरहून जवळच्या मांगीतुंगीला २०१६ साली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती प्रतिष्ठापित झाली. जैन परंपरेत अक्षय्य तृतीया त्यांच्याच पारण्याचा दिवस: दीर्घ उपवासानंतर हस्तिनापुरात श्रेयांसाने त्यांना उसाचा रस दिला. दोन निराळ्या धर्मपरंपरा, निराळ्या कथा, पण दोन्हीकडे वैशाखाच्या उन्हात कोणीतरी कोणाला तरी प्यायला देते. सोने घेऊन तिजोरीत ठेवणे यात कुठे बसते ते मला दिसत नाही.

या मांडणीचा बराच आधार ग्रंथांबाहेर आहे, बायकांच्या गाण्यांत आणि हातांत. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर कविता रचली, पण त्या लिहीत नव्हत्या. मुलगा सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी ओळी टिपून घेतल्या, आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेतला, म्हणून १९५२ मध्ये, बहिणाबाई गेल्यानंतर वर्षभराने, त्या ओळी छापून आल्या. मोसम, आरम आणि गिरणेकाठच्या गौराईच्या गाण्यांचे काम अजून कितीतरी बाकी आहे. झोक्यावर ती म्हणणाऱ्या पिढीतल्या बायका आता आज्या झाल्या आहेत. नामपूर-सटाण्याच्या महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी येत्या आखाजीला विद्यार्थिनींना आपापल्या आजीसमोर वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन बसवावे. गावाचे नाव, गाणारीचे माहेर आणि सासर, गाणे झोक्यावरचे की नदीकाठचे, आणि तिच्या घरी घागर ढेकळांवर ठेवत का, एवढे टिपले तरी घागरीखालच्या ढेकळांची रीत कोणत्या गावापासून कोणत्या गावापर्यंत पसरली होती तेही त्यासोबत हाती येईल.