पॉइंट टू-टूचे नखरे

सराफाच्या तराजूपासूनच सुरुवात करू. जुना तोळा १८० ग्रेनचा. पॉइंट टू-टू बोअरच्या पिस्तुलातल्या नेहमीच्या गोळीचं वजन ४० ग्रेन. म्हणजे एका तोळ्यात बरोबर साडेचार गोळ्या. एका गोळीचं वजन ग्रॅममध्ये २.६. शिशाचा हा चिमुकला तुकडा कधी ऑलिंपिक पदक मिळवून देतो, तर कधी ऐन वेळी अडकून घरी पाठवतो. आणि त्याचे नखरे असे, की एकाच कारखान्यात तयार झालेल्या दोन खोक्यांचंसुद्धा एकाच पिस्तुलाशी सारखं पटेल याची खात्री नाही.

दिवाणखान्यातली चांदमारी

हे काडतूस युद्धासाठी जन्मलंच नाही. १८४५ च्या सुमारास पॅरिसच्या लुई निकोला फ्लोबेरनं ठिणगी पाडणाऱ्या छोट्या टोपीतच एक बारीक गोळी बसवली. हेतू काय, तर जेवणानंतर पाहुण्यांनी दिवाणखान्यात बसून नेमबाजी करावी. आपल्याकडे पानसुपारी, त्यांच्याकडे चांदमारी! १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसननं आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी पॉइंट टू-टू शॉर्ट काढली. १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्टीव्हन्स कंपनीनं पुंगळी लांब केली, गोळी जड केली आणि लाँग रायफल हे काडतूस आलं. नाव रायफलचं, पण आज ऑलिंपिकमधली २५ मीटर पिस्तुलाची स्पर्धा याच काडतुसावर चालते.

जाता जाता, ‘काडतूस’ हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. त्यांचा ‘कार्तुशो’ आपल्या तोंडात बसताना काडतूस झाला.

सगळी गंमत काठात

मोठ्या बोअरच्या काडतुसात ठिणगीची टिकली पुंगळीच्या बुडाच्या मधोमध असते. पॉइंट टू-टूत टिकली नसतेच. पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ काठात भरलेलं असतं, म्हणून नाव रिमफायर. कारखान्यात ओलं मिश्रण पुंगळीत टाकतात आणि ती गरगर फिरवतात, मग ते काठात जाऊन बसतं. क्वचित एखाद्या जागी ते पोचत नाही. नेमकी तिथेच फायरिंग पिन आपटली, तर ‘टक’ असा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. सरावात अशा वेळी नळी लक्ष्याकडे ठेवून थोडं थांबायचं, काडतूस काढायचं, जरा फिरवून परत घालायचं. पुष्कळदा दुसऱ्या जागी टोला बसला की निमूट उडतं.

याच रचनेमुळे रिकामी पुंगळी पुन्हा भरता येत नाही. पिननं काठ एकदा चेपला की ती भंगारात. मोठ्या बोअरचे नेमबाज घरी बसून दारू मोजतात, गोळ्या निवडतात, स्वतःची खास पाककृती बनवतात. टू-टूवाल्याला ती सोय नाही. त्यानं बाजारातून खोकं आणावं आणि नशीब आजमावावं.

आणखी एक: रिकाम्या रिमफायर पिस्तुलाचा चाप उगाच ओढत बसू नये. काडतूस नसताना पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटू शकते आणि तिथे खळगा पडतो. म्हणून सरावासाठी प्लास्टिकची खोटी काडतुसं मिळतात, काही पिस्तुलांत त्यासाठी वेगळी कळच असते.

जोरदार म्हणजे चांगली? मुळीच नाही

नवखा नेमबाज दुकानात गेला की पहिल्यांदा ‘हाय व्हेलॉसिटी’ असं छापलेल्या खोक्याकडे हात नेतो. साहजिकच आहे, पैसे तेवढेच तर जोर जास्त का नको? पण नेमबाजीत जोराला किंमत नाही.

आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. हाय व्हेलॉसिटी गोळी रायफलमधून साधारण ३८० नं निघते, मॅचची, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेली गोळी ३२५ च्या आसपास. आवाजाच्या वेगापलीकडे गेलेली गोळी हवेच्या विरोधानं मंदावते आणि ती सीमा पुन्हा ओलांडून अलीकडे येताना डगमगते. मॅचची गोळी ही भानगडच टाळते, सुरुवातीपासून अलीकडेच राहते. पिस्तुलाची नळी असते जेमतेम पाच-सहा इंच, त्यामुळे वेग आणखी उतरतो. जोरदार गोळी मग नेमकी त्या नकोशा सीमेवरच घुटमळते. शिवाय मॅच पिस्तुलांच्या स्प्रिंगा मऊ असतात, साध्या वेगाच्या गोळीसाठी जुळवलेल्या. रोज जोरदार खुराक दिला की आतले भाग ठोके खात राहतात.

अमेरिकेत स्टिंगर नावाची गोळी मिळते. वजन ३२ ग्रेन, रायफलमधून वेग सेकंदाला जवळजवळ ५०० मीटर. तिची पुंगळी नेहमीच्या लाँग रायफलपेक्षा किंचित लांब असते, म्हणून कसलेल्या मॅच चेंबरमध्ये ती घालू नका असं बरेच कारखानदार बजावतात. डबे फोडायला ठीक आहे.

मिक्सरला लाजवणारी गिरकी

नळीच्या आतले पीळ गोळीला दर १६ इंचांना एक फेरा देतात. सेकंदाला २९० मीटर वेग धरला तर मिनिटाला सुमारे ४३ हजार फेरे होतात. चटणी वाटणाऱ्या मिक्सरच्या दुपटीहून जास्त. पण लक्ष्य २५ मीटरवरच, तेव्हा वाटेत गिरक्या मात्र साठ-एकसष्टच. प्रवास संपतो सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. तेवढ्यातही गोळी साडेतीन-चार सेंटिमीटर खाली येतेच, आणि ते साइटमध्ये आधीच जमेस धरलेलं असतं.

एक मिलिमीटरचा भुर्दंड

आता खरा हिशोब. २५ मीटर म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहून पाचेक मीटर लांब. प्रिसिजन लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं, कंदी पेढ्याएवढं. पुढची वर्तुळं २५-२५ मिलिमीटरनं सरकतात.

पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर नियमानुसार जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. चाप ओढताना पुढची साइट मागच्या खाचेत फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर लक्ष्यावर गोळी जाते जवळजवळ ११४ मिलिमीटर बाजूला. दहाच्या जागी सहा! याउलट साइट नीट जुळलेली आहे, पण अख्खा हात सरळच्या सरळ एक सेंटिमीटर डावीकडे गेला, तर गोळीही एकच सेंटिमीटर डावीकडे. दहा ते दहाच. प्रशिक्षक ‘लक्ष्य धूसर दिसू दे, नजर साइटवर ठेव’ असं घसा सुकेपर्यंत ओरडतात, ते उगाच नाही.

मग गोळीचा वाटा किती? दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला, तर २५ मीटरवर त्या वर-खाली लागतात तीन मिलिमीटरच्या आत. गोळीची स्वतःची जाडी ५.६ मिलिमीटर, म्हणजे त्याच्या निम्मं! चांगलं पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवलं आणि मॅचची गोळी दिली, तर लक्ष्यावरच्या भोकांचा झुबका, म्हणजे ग्रुप, रुपयाच्या नाण्याखाली झाकता येतो. स्वस्त गोळीनं तो दुप्पट झाला, तरी दहाच्या पेढ्यात मावतो. नेमबाज हरतो तो बहुतेक वेळा मनगटामुळे, आणि दोष देतो गोळीला. (क्रिकेटमध्ये याला खेळपट्टीला दोष देणं म्हणतात.)

पण ५० मीटरवर चित्र पालटतं. वेगातला तोच फरक तिथे चौपट होऊन सेंटिमीटरभराचा होतो, आणि पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ मात्र तेवढंच राहतं. रायफलवाले आणि ५० मीटर पिस्तूलवाले गोळीच्या बाबतीत इतके सोवळे का, ते इथे कळतं.

खोक्यावरचा आकडा

मोठ्या नेमबाजांच्या तोंडी गोळीच्या नावाइतकाच एक शब्द असतो, लॉट. एका यंत्रावर एका खेपेत बनलेला माल म्हणजे एक लॉट. तीच कंपनी, तेच नाव, तीच किंमत, तरी एक लॉट पिस्तुलाला मानवतो आणि दुसरा मानवत नाही. बर्मिंगहॅमच्या ईली कंपनीची टेनेक्स नेमबाजांत कित्येक दशकं प्रसिद्ध आहे. ईली आणि फिनलंडची लापुआ यांच्या चाचणी रेंजवर नेमबाज आपलं हत्यार घेऊन जातात, यंत्रात बसवून एकेक लॉट झाडून पाहतात आणि पसंत पडला की त्याच लॉटची खोकीच्या खोकी उचलतात. हापूसची पेटी घेताना आपण वरचा थर उचलून खालचा बघतो, तशातलाच प्रकार.

गोळीला मेणाचा पातळ लेप असतो, शिसं नळीला चिकटू नये म्हणून. गंमत अशी की नळीलाही त्या लेपाची सवय लागते. कंपनी बदलली की सुरुवातीच्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात, जुना थर निघून नवा बसला की मगच ग्रुप जमतो. म्हणून सामन्याच्या सकाळी मित्रानं दिलेलं नवं खोकं फोडणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवी चप्पल घालणं.

ग्रुपपेक्षा मोठं, चालणं

२५ मीटरच्या पिस्तुलात गोळीचा पहिला गुण कोणता? माझ्या मते अचूकता नव्हे, न अडकणं. ही पिस्तुलं सेमी-ऑटोमॅटिक. प्रत्येक गोळीच्या धक्क्यावर रिकामी पुंगळी बाहेर पडायची आणि पुढचं काडतूस वर यायचं. धक्का कमी पडला की पुंगळी अर्धवट अडकते. रॅपिड फायरमध्ये पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, आधी ८ सेकंदांत, मग ६, मग ४. चार सेकंदांत जाम झालेलं पिस्तूल सोडवायला वेळ कुठला? ३० गोळ्यांच्या एका टप्प्यात असा बिघाड एकदाच मान्य होतो, तोही पंचांनी पाहिल्यावर. म्हणून नाण्याएवढा ग्रुप देणारी पण पन्नासात एकदा अडकणारी गोळी नको. जरा सैल ग्रुपची पण मुकाट्यानं चालणारी चालेल. इटलीच्या पार्डिनी पिस्तुलाला जे पचतं ते जर्मनीच्या वॉल्थरला पचेलच असं नाही. अमेरिकेत १९५७ पासून मिळणारं स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ४१ तर खाण्यापिण्याच्या आवडीनिवडींसाठी नावाजलेलंच आहे.

२०१२ मध्ये लंडनला विजय कुमारनं रॅपिड फायरचं रौप्य पटकावलं, ४० पैकी ३० अचूक. क्यूबाच्या लेउरिस पुपोचे ३४. २०१८ मध्ये पालेम्बांगला कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची नफस्वान यांगपैबून ३४-३४ वर थांबल्या. पाच-पाच गोळ्यांच्या शूट-ऑफमध्ये पुन्हा ४-४. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राही ३-२. आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. अशा वेळी एखादी पुंगळी अडकली असती तर, हा विचारसुद्धा नको.

कोल्हापूरचं आणि या काडतुसाचं गूळपीठ जुनं आहे म्हणा. २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झालेली तेजस्विनी सावंत आणि २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे दोघेही रायफलचे, पण काडतूस हेच, पॉइंट टू-टू लाँग रायफल.

नियमांच्या आडून पळवाटा

२५ मीटरचं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावायला हवं. वजन १४०० ग्रॅमच्या आत, चापावर किमान किलोभर ताण. गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची, वरून तांब्याचं जाकीट चालत नाही.

एकेक नियमामागे कुणाचा तरी आगाऊपणा असतो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या सुमारास सोव्हिएत नेमबाजांनी उलटं पिस्तूल आणलं. नळी मुठीच्या वर नव्हे, खाली! धक्का सरळ हातात जातो, पिस्तूल उसळत नाही. मग नियम आला की नळीची मध्यरेषा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्याच्या वरूनच जायला हवी. रॅपिड फायरवाल्यांनी वेगळीच युक्ती केली, ते ३० ग्रेनच्या आसपासची हलकी शॉर्ट गोळी वापरू लागले. धक्का जवळजवळ नाहीच. अथेन्स २००४ नंतर तीही बाद झाली आणि सगळ्यांना लाँग रायफलवर आणलं गेलं.

उजवा गेला, डावा आहे

रॅपिड फायरचा विषय निघालाच आहे, तर हंगेरीचा करोली टाकाच आठवतो. तो लष्करात होता. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्यानं गाजावाजा न करता डाव्या हातानं सराव सुरू केला. १९४८ मध्ये लंडनला रॅपिड फायरमध्ये ५८० गुण, विश्वविक्रम, सुवर्ण. १९५२ मध्ये हेलसिंकीला पुन्हा सुवर्ण, ५७९ गुणांनी. दुसरा आलेला स्झिलार्द कुन त्याचाच देशबांधव, ५७८. एका गुणाचा फरक!

आणि हो, हात धुवा

प्रत्येक गोळीबरोबर शिशाचे बारीक कण उडतात. बोटांना चिकटतात, नखांत बसतात. म्हणून जुने नेमबाज रेंजवरून निघाले की पहिल्यांदा नळ शोधतात. वडापावची गाडी त्यानंतर.