हाऊसबोटीला निघालेले आई-बाबा

दिवाळी सरली की आमच्या वाघोलीच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, आई-बाबांना केरळला न्यायचंय. एक रात्र हाऊसबोटीत आहे. झेपेल ना त्यांना?" विचारणारा मुलगा असतो किंवा सून असते, आणि ज्यांच्याविषयी विचारायचे ती मंडळी बाकावर गप्प बसलेली असतात. नगर रस्त्यावरचे आमचे हे गाव २०२१ साली पुणे महापालिकेत गेले. त्याच्या आधीपासूनच इथे सोसायट्या उभ्या राहिल्या आणि लातूर, अमरावती, जळगावकडचे आई-वडील मुलांकडे येऊन राहू लागले. जन्मभर शेतात किंवा शाळेत राबलेल्या माणसांना मुलांनी हौसेने फिरायला न्यावे, ही चांगलीच गोष्ट आहे. माझे उत्तर बहुधा "झेपेल" असेच असते. पण तयारी बॅगा भरायच्या आदल्या रात्री सुरू करून चालत नाही, महिना-दीड महिना आधी लागावे लागते.

आधी ही सहल कशी असते ते पाहू. अलेप्पी, म्हणजे आताचे अलप्पुळा, या परिसरात समुद्राला समांतर अशा खाड्या आणि सरोवरे आहेत व त्यांना जोडणारे कालवे आहेत. कोट्टपुरम ते कोल्लम हा १६८ किलोमीटरचा पश्चिम किनारा कालवा १९९३ साली राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ३ म्हणून जाहीर झाला. या पाण्यावरून पूर्वी भात वाहून नेणाऱ्या मोठ्या नावा चालत. त्यांना 'केट्टुवळ्ळम' म्हणतात. त्यांच्या फळ्या खिळे न मारता काथ्याने बांधलेल्या असतात. रस्ते झाले, नावांचे काम गेले आणि पुढे त्यांच्यावरच खोल्या बांधून हाऊसबोटी झाल्या. साधारणपणे दुपारी बाराच्या सुमारास चढायचे, संध्याकाळी साडेपाच-सहाला बोट काठाला बांधली जाते, कारण रात्री मच्छीमार जाळी टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उतरायचे. आपल्याकडे मुळा-मुठेत दिसते ती जलपर्णी तिथेही भेटेल. पाणी मात्र संथ असते, समुद्रासारख्या लाटा नसतात. तेव्हा बोट लागण्याची भीती जवळजवळ नाही. तरीही पुष्कळ लोक "असू द्या खिशात" म्हणून उलटीच्या गोळ्या नेतात आणि चढण्याआधीच वडिलांना एक देऊन टाकतात. यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी वयस्कर माणसाला गुंगी येते, तोल जातो, कधी भ्रम होतो, आणि प्रोस्टेटची गाठ वाढलेली असेल तर लघवी अडकू शकते. संथ पाण्यासाठी हा धोका पत्करण्याचे कारण नाही.

खरा धोका वेगळाच आहे. तो म्हणजे पडणे.

धक्का आणि बोट यांच्यात फूट-दीड फुटाची उंच-सखल जागा असते, आणि बोट तेवढ्यात इंचभर हलते. कधी मधे नुसती फळी टाकलेली असते. एका बोटीतून दुसऱ्या बोटीत पाऊल टाकूनही जावे लागते. तरुण माणसाला यात काहीच वाटत नाही. पण सत्तरीच्या बाईच्या हाडांतले कॅल्शियम कमी झालेले असते आणि गुडघे आखडलेले असतात. तिचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले, तर ऑपरेशन आणि पुढचे सहा महिने घरच्या सगळ्यांचे. म्हणून आजपासून घरीच सराव सुरू करा. खुर्चीतून हात न टेकता उठायचे आणि बसायचे, सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. ओट्याला धरून एका पायावर जेवढे राहवेल तेवढे उभे राहायचे. शेजारी कोणीतरी असावे. लिफ्ट सोडून जिन्याचा एक मजला कठडा धरून हळूहळू चढायचा-उतरायचा. महिनाभरात फरक पडतो, हे मी अनेकांत पाहिले आहे. शक्य असेल तर साताऱ्याकडच्या तापोळ्याला एक दिवस जाऊन शिवसागर जलाशयात बोटीत बसवून आणा. चढता-उतरताना आईचे काय होते ते तिथेच कळेल, आणि नाहीच जमले तर केरळचे पैसे भरायच्या आत कळेल.

चढताना एक माणूस आधी बोटीत, एक मागे धक्क्यावर. धरायचे ते कोपराच्या वर, दंडाला. बोटे धरून ओढायचे नाही. पायांत मागे पट्टा असलेल्या, रबरी तळाच्या चपला हव्यात. नवे बूट प्रवासातच पहिल्यांदा घालू नयेत. बायकांनी त्या दिवशी नऊवारी-सहावारीचा हट्ट सोडून पंजाबी ड्रेस घातला तर उत्तम, पण हे सासूबाईंना सांगायचे काम मी सुनेवर न टाकता मुलावरच टाकतो. जवळचे आणि लांबचे एकाच काचेत असलेला चष्मा लावून खाली पाहिले की पायरी धूसर दिसते आणि तिच्या उंचीचा अंदाज चुकतो. अशांनी लांबचा साधा चष्मा बरोबर ठेवावा.

बोटीतल्या न्हाणीघराचा उंबरा उंच असतो आणि फरशी ओली. रात्री उशाशी लहान टॉर्च ठेवा. झोपेतून एकदम उठू देऊ नका. आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचे, मग उभे राहायचे. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभे राहताच दाब खाली येतो आणि चक्कर येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला, तर जखम दिसो वा न दिसो, तो बरा बोलत असला तरी त्याला दवाखान्यात न्यायचे. आतला रक्तस्राव काही तासांनी लक्षात येतो.

आता एक नाजूक गोष्ट. प्रवासाला निघाले की आपली वडीलधारी माणसे पाणी पिणे बंद करतात. "गाडीत कुठे सारखं जायचं," असे म्हणून सकाळपासून अर्धा कप चहावर राहतात. त्यात लघवीची गोळी चालू असते, कोचीची दमट हवा घाम काढते, आणि संध्याकाळी बाबा गळून जातात किंवा वेड्यासारखे बोलू लागतात. घरची माणसे घाबरून अर्धांगवायू समजतात. यावर उपाय औषधापेक्षा योजनेचा आहे. दर दोन तासांनी गाडी थांबवायची, आणि ती बाबांनी मागायच्या आत थांबवायची. आगगाडीत खालचा बर्थ आणि तोही संडासापासून फार लांब नको. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी किती वाजता घ्यायची ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा; पुष्कळदा ती मुक्कामावर पोचल्यावर घेतली तरी चालते. हृदयाच्या किंवा किडनीच्या रोग्याला मात्र पाणी मोजून सांगितलेले असते, त्यांनी तेच माप पाळावे. अशांनी तिकडे पदोपदी मिळणारे शहाळेही विचारूनच प्यावे. त्यात पोटॅशियम भरपूर असते.

मधुमेहाचे गणित जेवणाच्या वेळेवर चालते, आणि सहलीत पहिली बिघडते ती जेवणाची वेळ. सकाळी सात वाजता ग्लिमेपिराइडची गोळी घेतली, नाश्त्याला दोन घास खाल्ले, बोटीवर चढेपर्यंत बारा वाजले आणि ताट आले दीडला, तर मधल्या वेळात साखर खाली येते. म्हाताऱ्या माणसात ती नेहमी थरथर आणि घाम अशी दिसत नाही. नुसता चिडचिडेपणा किंवा बावचळणे दिसते. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. आईच्या पर्समध्ये राजगिऱ्याचा लाडू आणि साखरेची पुडी असावी, मुलाच्या सॅकमध्ये नव्हे. वापरात असलेले इन्सुलिन तीस अंशांच्या आत असेल तर साधारण चार आठवडे टिकते, पण बोटीच्या छपराखाली दुपारी त्याहून जास्त उकडते. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. बोटीच्या स्वयंपाक्याकडे दिले तर तो सद्भावनेने मासळीच्या बर्फात ठेवील. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते. विमानाने जाणाऱ्यांनी ते हातातल्या पिशवीत न्यावे.

गोळ्यांचे दोन संच करा, दोन वेगळ्या बॅगांत, चार दिवस जादा धरून. डब्यात सुट्या गोळ्या भरणाऱ्यांनी निदान पाकिटाचा एक कापलेला तुकडा नावासह ठेवावा. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक आई-वडिलांची फाईल गावच्या डॉक्टरांकडे असते आणि मुलाला एवढेच माहीत असते की "एक गुलाबी, दोन पांढऱ्या". अलेप्पीच्या डॉक्टरांना त्याचा काय उपयोग? एका कागदावर आजार, औषधांची मूळ नावे व मात्रा, कशाची ॲलर्जी, झालेली ऑपरेशने हे लिहून घ्या, शेवटच्या ईसीजीची प्रत जोडा, आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

कोणी जाऊच नये? सपाटीवर शंभर पावले चालून आणि एक मजला चढून ज्यांना दम लागतो किंवा छातीत दुखते, त्यांनी आधी तपासून घ्यावे. हार्ट ॲटॅक किंवा मोठे ऑपरेशन नुकतेच झाले असेल, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला महिना झाला नसेल, तर आपल्या तज्ज्ञांचा होकार घेतल्याशिवाय नाही. आणि ज्यांना विसरण्याचा आजार आहे, त्यांच्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: दिवसाची तीन-चार तासांची फेरी करा, रात्रीचा मुक्काम जमिनीवर करा. परकी जागा आणि अंधार यांनी अशा माणसाचा गोंधळ वाढतो. तो रात्री दोनला उठून आपल्या घरचे अंगण शोधायला निघतो. हाऊसबोटीचे अंगण चार पावलांवर संपते आणि पुढे पाणी असते. मुक्काम करायचाच असेल तर कोणीतरी त्यांच्याच खोलीत, दाराच्या बाजूला झोपले पाहिजे.

बोट ठरवताना दर विचारतो तसे आणखी दोन-तीन प्रश्न विचारा. खोली खालच्या मजल्यावर आहे का, कमोड आहे का, आणि रात्री बोट कुठे बांधणार? ज्या काठाला रस्ता आहे तिथे बांधतील तर ॲम्ब्युलन्स येऊ शकते. नाहीतर आधी लहान होडी, मग गाडी, यात मोलाचा तास जातो. तिथेही १०८ आणि ११२ हे क्रमांक चालतात, आणि मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे अलेप्पीजवळ वंडानम येथील टी. डी. मेडिकल कॉलेज. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे आहे का ते चढतानाच पाहा. केरळातच ७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे संध्याकाळनंतर निघालेली, क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली बोट उलटून २२ जण दगावले. गर्दीच्या बोटीत "एवढ्यात काय होतंय" म्हणणाऱ्यांचे ऐकू नका.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. तिकडचा जाड तांदूळ आणि नारळ बहुतेकांना पचतो. करिमीन मासा चविष्ट, पण काटेरी; कवळी लावणाऱ्याला काटा तोंडात कळत नाही, तेव्हा काटे दुसऱ्याने काढून द्यावेत. केळ्याचे वेफर्स, लोणची, पापड यांत मीठ दडलेले असते. दोन दिवस मूठमूठ खाल्ले की रक्तदाबवाल्यांच्या पायांवर सूज येते. जुलाब लागले तर ओआरएसचे मोठे पाकीट लिटरभर पाण्यात, कमी पाण्यात नाही. अशा दिवसांत रक्तदाबाच्या, लघवीच्या आणि मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या, हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून त्याच कागदावर लिहून घ्या.

शेवटी पाण्याविषयी. बोटीच्या कडेला बसून पाण्यात पाय सोडण्याचा मोह सर्वांना होतो. ज्यांच्या टाचांना भेगा आहेत, ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहाने गेली आहे, त्यांनी तो टाळावा. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, ज्याला तिकडे 'एलिप्पनी' म्हणतात, अशा पाण्यातून भेगेवाटे शिरतो. त्याचा ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी, म्हणजे तुम्ही घरी परतून फोटो दाखवत असता तेव्हा येतो. महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल किंवा पिवळे झाले, तर घरात क्रोसिन देत बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही केरळला बोटीत होतो.