ओझे पेलणारे जाकीट : घरच्या मशीनवर कसे शिवावे?

उल्हासनगरच्या जीन्सवर आपल्या शेकडो कारागीर बांधवांच्या चुली पेटतात, हे आम्ही नव्याने सांगण्याची गरज नाही. मात्र या धंद्याची नाडी दुसऱ्याच्या हातात असते. शिलाई आपली, पण कटिंग मालकाचे, धुलाई तिसऱ्याची आणि दर चौथा ठरवतो. गेल्या दशकात वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून जीन्स धुलाईच्या कारखान्यांवर कारवाई झाली. तेव्हा शिवणाऱ्याचा काही दोष नसतानाही त्याचे मशीन थांबले. म्हणून ज्याला धुलाई लागत नाही, रंग लागत नाही, आणि जो कापडापासून बकलापर्यंत एकाच घरात तयार होतो, अशा एका मालाची माहिती आम्ही या अंकात देत आहोत. हा माल म्हणजे अनेक खिशांचे, ओझे वाहून नेणारे जाकीट. वायरमन, केबलवाले, फोटोग्राफर, मोटारसायकलवरून लांब जाणारे, तसेच चंदेरी आणि मलंगगडावर चढणारी बदलापूरची तरुण मंडळी, अशा सर्वांना ते लागते.

वस्तू मूळची फौजेची. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत शिपायाचे सामान चामड्याच्या पट्ट्यांवर असे. चामडे भिजले की ताठ होते आणि तडकते. ब्रिटिश फौजेने १९०८ साली विणलेल्या सुती पट्ट्यांचा साज स्वीकारला आणि पुढे १९३७ चा नमुना आला, तो हिंदी फौजेनेही वापरला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ फौजेची मोठी छावणी होती. तिच्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प पाच असेच म्हणतात. पट्ट्यांऐवजी खिसे थेट अंगावरच्या बंडीला शिवण्याची कल्पनाही त्याच युद्धातली. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या काही ब्रिटिश तुकड्यांच्या अंगात अशी कॅनव्हासची जाकिटे होती.

अनेकांचा समज असा की फौजेचे असे सामान अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात होते. तसे नाही. अंबरनाथच्या दोन्ही कारखान्यांचे काम धातूचे आणि यंत्राचे. कापडी सामानाचे सरकारी कारखाने कानपूर, शाहजहानपूर आणि आवडी येथे आहेत आणि २०२१ पासून ते ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड या कंपनीत आहेत. आपल्याला त्यांच्याशी स्पर्धा करायची नाही. आपले गिऱ्हाईक साधे, कामकरी आहे.

आता शिवणाकडे वळू. प्रथम आमचीच एक चूक सांगतो. वायरमन असलेल्या भाच्यासाठी आम्ही असे एक जाकीट हौसेने शिवले होते. कापड जाड, शिलाई जीन्ससारखी दुहेरी, दिसायला सुरेख. पंधराव्या दिवशी तो शिडीवर असताना एक खिसा खांद्याकडच्या कोपऱ्यातून निघाला आणि पक्कड खाली उभ्या असलेल्या मदतनिसाच्या पायाजवळ पडली. एक वीतभर फरक असता तर डोके फुटले असते. भाचा जाकीट घेऊन आला आणि म्हणाला, "मामू, तुमची शिलाई नाही सुटली. शिलाईच्या बाजूचं कापडच फाटलंय." त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. धागा शाबूत होता, टाकेही शाबूत होते.

शर्ट किंवा पँट शिवणाऱ्याची सवय अशी की जोर कापडावर द्यायचा. येथे ती सवय सोडावी लागते. या जाकिटात कापडाचे काम फक्त आकार धरण्याचे, ओझे पेलायचे ते पट्टीने. घराच्या बांधकामात स्लॅबचे ओझे बीमवर आणि बीमचे खांबावर जाते, तसेच येथे खिशाचे ओझे आडव्या पट्टीवर, आडव्या पट्टीचे उभ्या पट्टीवर आणि उभीचे खांद्यावर गेले पाहिजे. आमच्या पहिल्या जाकिटात खांब होते, पण बीमच नव्हते.

सामान स्कूलबॅग शिवणारे जेथून घेतात तेथेच मिळते. कापड नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे घ्यावे, आतून लेप दिलेले. दुकानदार ५००, ६००, १००० असे डेनियर सांगतो. ९००० मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम तितके त्याचे डेनियर, म्हणजे आकडा मोठा तितके सूत जाड. घरच्या मशीनला ५०० ते ६०० पुरते. १००० डेनियरच्या चार घड्या एकत्र आल्या की पायमशीन कण्हू लागते. १५० सेंटीमीटर पन्ह्याचे एक मीटर कापड एका जाकिटाला पुरेसे होते. पट्टी, जिला आपण नवार म्हणतो, ती दोन मापांची लागते. ५० मिलिमीटर रुंद सुमारे ४ मीटर आणि २५ मिलिमीटर रुंद सुमारे ६ मीटर. नायलॉनची पट्टी ओली झाली की थोडी ताणते, पॉलिएस्टरची ताणत नाही. आपल्याकडचा पावसाळा पाहता आम्ही पॉलिएस्टरची पसंत करतो.

धाग्यात काटकसर नको. शर्टाचा बारीक धागा येथे कामाचा नाही आणि सुती धागा तर घामाने कुजतो. बॉन्डेड नायलॉन धागा, टेक्स ७०, उत्तम. तो न मिळाल्यास जीन्सचा जाड पॉलिएस्टर धागा चालतो, जो आपल्या बहुतेकांच्या घरी आहेच. वर जो धागा तोच बॉबिनमध्ये भरावा. सुई १८ नंबरची. टाके इंचाला ७ ते ८. येथे नवखा कारागीर हटकून चुकतो. जास्त टाके म्हणजे जास्त मजबुती असे त्याला वाटते, पण टाके फार दाट पडले की पट्टीला टपाल तिकिटाच्या कडेसारखी भोके पडतात आणि ती तेथूनच फाटते.

फर्मा आधी वर्तमानपत्राच्या कागदाचा करावा. माप उघड्या अंगावर न घेता ज्या कपड्यांवर जाकीट घालायचे त्यावरून घ्यावे. पुढचे दोन पल्ले तयार मापाने प्रत्येकी १९ सेंटीमीटर रुंद आणि सुमारे ४० उंच, पाठ ३० ते ३२ रुंद. बाजू कापडाने जोडू नयेत. तेथे प्रत्येकी दोन पट्ट्या आणि स्लायडर ठेवावेत, म्हणजे एकच माप थंडीत स्वेटरवर आणि उन्हाळ्यात नुसत्या सदऱ्यावर बसते. विकण्याच्या दृष्टीनेही हे सोयीचे, कारण पाच साइझचा माल भरून ठेवावा लागत नाही.

पल्ल्यावर सर्वप्रथम ५० मिलिमीटरची उभी पट्टी बसवावी. ही पुढच्या खालच्या कडेपासून निघून खांद्यावरून मागे पाठीच्या खालच्या कडेपर्यंत अखंड एकच असावी. खांद्यावर तुकडा जोडू नये. प्रत्येक बाजूला साधारण १ मीटर २० सेंटीमीटर लागते. मग जेथे खिशाचे तोंड येणार तेथे २५ मिलिमीटरची आडवी पट्टी पल्ल्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत टाकावी आणि उभी पट्टी ओलांडते तेथे चौकोन शिवून आत फुली मारावी. खिशाचे वरचे दोन्ही कोपरे या आडव्या पट्टीवरच आले पाहिजेत. तेथे बारटॅक द्यावा. ज्याच्या शेजारी जीन्सचे युनिट आहे त्याला बारटॅकचे मशीन दूर नाही. लुपी मारणाऱ्या भावाला विनंती केली तर पाच मिनिटांचे काम. घरी करायचे तर झिगझॅग टाका बारीक करून पुढे-मागे मारावा. साधेच मशीन असेल तर सरळ शिलाई एकाच जागी चार-पाच वेळा पुढे-मागे न्यावी. दिसायला कमी, पण टिकते.

खिसा शर्टाच्या खिशासारखा सपाट कापला की त्यात वस्तू जाते आणि पल्ला आखडतो. खिशाला पोट हवे. उदाहरणार्थ, एक लिटरच्या बाटलीला ८ सेंटीमीटर रुंद आणि ८ खोल असा खिसा धरला तर पुढची बाजू ८, दोन्ही कुशी ८-८, म्हणजे २४, आणि दोन्हीकडे दीड-दीड सेंटीमीटर दाब मिळून २७ सेंटीमीटर रुंदीचा तुकडा लागतो. त्याच्या मागे पल्ल्यावर जागा मात्र फक्त ८ सेंटीमीटर. तळाला एक आयलेट ठोकावे, नाहीतर पावसात खिशाची टाकी होते. पक्कड, टेस्टर यांसाठी आत आणखी एक पदर द्यावा, कारण टोकदार वस्तू कितीही जाड कापड शेवटी भोसकतेच.

सर्व खिसे, पट्ट्या आणि बकले पल्ला सपाट असतानाच बसवून घ्यावीत, जोडणी शेवटी. जीन्समध्ये मागचा खिसा आधी लागतो आणि पाय नंतर जोडले जातात, त्याच हिशोबाने. कापडाच्या व पट्टीच्या कापलेल्या कडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळून फिरवून बंद कराव्यात. खिडकी उघडी ठेवावी, धूर चांगला नसतो, आणि वितळलेले नायलॉन बोटाला चिकटले की कातडी घेऊनच निघते.

आजकाल गिऱ्हाईक परदेशी चित्रे दाखवून पल्लाभर आडव्या पट्ट्यांची जाळी मागते, ज्यात हवा तो खिसा हवा तेथे ओवता येतो. अमेरिकी फौजेने १९९० च्या दशकात ही पद्धत आणली. माप ठरलेले आहे. पट्टी एक इंच, दोन पट्ट्यांत अंतर एक इंच आणि दर दीड इंचाला टाका. आपल्या १९ सेंटीमीटरच्या पल्ल्यात पाच घरे बसतात, म्हणजे एका ओळीला सहा बारटॅक. चार ओळी आणि दोन पल्ले धरले तर ४८ बारटॅक झाले, आणि पाठ अजून बाकीच आहे. पहिल्या जाकिटाला या भानगडीत पडू नये. दर ठरवताना मात्र हा आकडा लक्षात ठेवावा. जाळीचे काम साध्या खिशांच्या दरात घेणारा कारागीर आपलीच मजुरी कापतो.

कमरेला ५० मिलिमीटरचा पट्टा अवश्य द्यावा आणि जड वस्तू त्यावर उतरवाव्यात. दिवसभर खांद्यावर वजन राहिले की मान धरते. आमच्या मते जाकिटात सर्व मिळून ५-६ किलोपेक्षा जास्त घालू नये. तयार झाल्यावर रेतीच्या पिशव्या भरून दुप्पट वजन करावे, जाकीट रात्रभर खांद्यांवरून टांगून ठेवावे आणि सकाळी प्रत्येक कोपरा उजेडात पाहावा. टाक्यांच्या भोकांतून उजेड दिसू लागला तर तेथे पट्टी कमी पडली आहे असे समजावे. हे न करता एकही नग गिऱ्हाइकाला देऊ नये. पक्कड कोणाच्या डोक्यावर पडेल हे आपल्याला ठाऊक नसते.

काही गोष्टी धंद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाच्या आहेत. अंबरनाथच्या वर्कशॉपमधील वेल्डर बांधवांना हे जाकीट विकू नये. ठिणगीने नायलॉन व पॉलिएस्टर दोन्ही वितळून अंगाला चिकटतात. त्यांच्यासाठी जाड सुती कॅनव्हास किंवा चामडेच. उंचावर काम करणाऱ्याने या जाकिटाला दोर बांधून लटकू नये. त्यासाठीचा सुरक्षा पट्टा वेगळा, त्याचे भारतीय मानक आयएस ३५२१ आहे. गोळीरोधक जाकिटाचेही मानक वेगळे आहे, आयएस १७०५१. आपला माल यांपैकी काहीही नाही, हे गिऱ्हाइकाने न विचारताच सांगावे.

रंग काळा, खाकी, राखाडी किंवा नारिंगी ठेवावा. ठिपक्यांचे फौजी कापड कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. सैन्याने २०२२ साली नवा गणवेश आणला आणि त्याच्या नक्षीची नोंदणी केली. तिची नक्कल विकणे बेकायदा आहे. शिवाय सैनिक नसताना सैनिक भासावे म्हणून तसा पोशाख करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. आपले कारागीर बहुधा बाहेरून आलेले, भाड्याच्या खोलीत राहणारे. फौजी कापडाचा गठ्ठा खोलीत सापडला तर तो जीन्सचा कारागीर आहे हे पटवून देईपर्यंत त्याची किती रोजी बुडेल, याचा विचार करावा.

उल्हासनगरच्या मालावर पूर्वी 'मेड इन यूएसए' लिहीत आणि त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असे हसत सांगत, तो किस्सा सर्वांना माहीत आहे. या मालावर तसले लेबल नको. आपले नाव, गावाचे नाव आणि किती किलोला तपासले तो आकडा, एवढे कापडी पट्टीवर छापून आतल्या बाजूने शिवावे. खिसा उसवला तर गिऱ्हाईक जाकीट घेऊन आपल्याच दारी येईल, आणि दुरुस्तीबरोबर पुढची ऑर्डरही बहुधा तेथेच मिळते.